राघण्णाचा रोज बेड

कन्नडमध्ये बागेला ‘तोट’ म्हणतात. मराठी माणसानं एवढ्यावरूनच सावध व्हायला हवं होतं.

पण आम्ही कसले सावध होतो! आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आलं आणि बेंगळुरात रुजलं. (घराणं रुजलं, मी लावलेलं दुसरं काही सहसा रुजलं नाही.) घरात मराठी, दारात कन्नड आणि उंबरठ्यावर दोन्हींची मिसळ असा आमचा कारभार. माझं पाळण्यातलं नाव राघवेंद्र, पण गल्लीनं राघण्णा केलं आणि मीही ते नेसूनच फिरत होतो. ‘तोटात यंदा फार तोटा झाला’ असं आमच्याकडे कुणी म्हटलं तर कुणाला हसू येत नसे. मला तर हे वाक्य दर महिन्याला चार लोकांसमोर उभं राहून बोलावं लागे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मल्लेश्वरममध्ये आमच्या गल्लीतल्या बागवेड्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी बैठक भरायची. आधी उप्पिट्टु आणि कॉफी, आणि मग प्रत्येकानं उठून आपल्या बागेचं सुखदुःख सांगायचं. काय फुललं ते सुख, काय मेलं ते दुःख. अध्यक्षस्थानी कमलम्मा असायच्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि मेलेल्या रोपाची हकिकत त्या नापास मुलाच्या बापासमोर बसल्यासारख्या ऐकायच्या.

माझी पाळी आली की लोक आपोआप कपबशा खाली ठेवत. कारण माझ्याकडे सुख नसायचंच. मोगऱ्याला मुंग्या लागलेल्या. लिली गोगलगायींनी संपवलेली. कर्दळ गवळ्याच्या वासरानं खाल्लेली. एकदा मोठ्या आशेनं वाढवलेली पपई ऐन वेळी नर निघाली! माझ्या आवारात जोमानं वाढायचा तो फक्त सीमे-बदनेचा वेल. ही फिकट हिरवी, पाणचट फळभाजी. बाकीचा देश तिला बेंगळूर वांगं म्हणतो आणि आमची मुलं तिला ‘परत तेच’ म्हणत.

आणि माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा शामण्णा.

मूळचा शामराव. आमच्यासारखाच जुना मराठी. पण नोकरी कँटोन्मेंटमध्ये, गोऱ्या साहेबाच्या हाताखाली झालेली. साहेब विलायतेला गेला तेव्हा जाताना एक सोला हॅट, एक फांद्या छाटायची कात्री आणि पुष्कळसे इंग्रजी शब्द शामण्णाजवळ ठेवून गेला. त्यामुळे शामण्णाकडे कुंपण नव्हतं, ‘हेज’ होती. हिरवळ नव्हती, ‘लॉन’ होतं. आणि आम्ही ज्याला वाफा म्हणायचो त्याला तो ‘बेड’ म्हणायचा. अँथुरियमचा बेड, डेलियाचा बेड, आणि सगळ्यांत पुढे, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा, रोज बेड.

बैठकीत शामण्णा दुःखसुद्धा असं सांगायचा की ऐकवत नसे.

“या महिन्यात फार वाईट झालं,” तो एकदा उठून म्हणाला. “डेलियाला इतकी फुलं आली, इतकी आली, की भारानं फांदीच मोडली.”

सगळे हळहळले. मीही हळहळलो. एकच फांदी मोडली म्हणून!

आता आडवळणानं सांगण्यात काय अर्थ आहे? मी जळत होतो. बेंगळूरची हवा थंड असते म्हणतात. ती मला त्या वर्षांत कधी लागली नाही. सकाळी दात घासायला मागच्या दारी आलो की भिंतीवरून शामण्णाची फुलं दिसत, आणि मग दात घासायच्याऐवजी खाल्ले जात. बरं, माणूस तरी खडूस असावा! निदान मनसोक्त शिव्या देता येतात. शामण्णा मागाल त्याला रोप द्यायचा, वर ते कसं लावायचं हे सांगायचा, आणि ते मेलं की पुन्हा द्यायचा. अशा माणसाचा हेवा करणं हे फार कष्टाचं काम आहे, पण मी ते चिकाटीनं केलं.

मंडळाची एक पितळी झारी होती. वर्षाच्या शेवटच्या बैठकीत ज्याचं फूल सरस ठरेल त्याच्या घरी ती पुढचं वर्षभर राहायची. गेली काही वर्षं ती शामण्णाकडून हललीच नव्हती. त्याच्या बायकोनं ती देवघराशेजारी ठेवली होती, आणि एकदा तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. झारीतला शुक्राचार्य कसा दिसतो हे पुराणात दिलेलं नाही, पण माझ्या मते तो सोला हॅट घालत असावा.

“शामण्णा, गुलाबाला तुम्ही खत तरी कुठलं घालता हो?” मी एकदा भिंतीवरून सहज विचारल्यासारखं विचारलं.

“घोड्याची लीद. शिवाजीनगरच्या जटका स्टँडवर मागितली की देतात.”

इतक्या सरळपणे सांगितलं म्हणजे यात काहीतरी खोट असणार, असं मला वाटलं. मत्सरी माणसाला फुकट मिळालेलं गुपित पचत नाही. तरीही पुढच्या सुट्टीला मी शिवाजीनगर गाठलं. जटकेवाल्यांनी, म्हणजे तिथल्या टांगेवाल्यांनी, आनंदानं एक मोठी पिशवी भरून दिली, वर घोड्याची ओळखही करून दिली. परत येताना मी बसमध्ये पिशवी पायाशी घेऊन बसलो. स्वल्प वेळातच माझ्या आजूबाजूच्या जागा रिकाम्या झाल्या.

“पिशवीत काय आहे सार्?” कंडक्टरनं नाक धरून विचारलं.

“ग्रंथ,” मी म्हणालो.

“कुठल्या विषयावरचे?”

मी पुढच्या स्टॉपवर उतरलो आणि उरलेला रस्ता पायी आलो. बायकोनं, म्हणजे सुशीलानं, मला परसातूनच घरात घेतलं.

पण खरं सांगतो, त्या वर्षी देवाला माझी दया आली. माझा आतेभाऊ उटीहून आला तो येताना गुलाबाची कलमं घेऊन आला. पिवळा गुलाब, पाकळ्यांच्या कडांना गुलाबी झाक. मी पुढच्या अंगणात वाफा केला, त्यात ते ‘ग्रंथ’ रिकामे केले, आणि कलमं लावली. ती मेली नाहीत! मी रोज सकाळी ती मेली आहेत का हे बघायला जायचो, आणि रोज नवं पान फुटलेलं असायचं. मग कळ्या आल्या. मुठीएवढ्या कळ्या. असा गुलाब शामण्णाकडे नव्हता, गल्लीत कुणाकडेच नव्हता. आणि वर्षाची शेवटची बैठक, ती झारीची बैठक, यंदा माझ्याच घरी व्हायची होती. मी देवघराशेजारची जागा मोजून ठेवली.

एक दिवस कमलम्मा फिरायला जाताना फाटकाशी थांबल्या. कळ्या बघून खूष झाल्या.

“छान हो राघण्णा. शामण्णांचा रोज बेड आहेच. आता तुमचा हा... वाफाही.”

तो ‘वाफाही’ माझ्या काळजात रुतला. माझे गुलाब शामण्णाच्या तोडीचे, आणि ते उगवायचे वाफ्यात? ज्यात मेथी उगवते, त्या वाफ्यात? त्याच संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की आजपासून पुढच्या अंगणातल्या त्या जागेला कुणीही वाफा म्हणायचं नाही. रोज बेड म्हणायचं.

“अय्यो, नाव बदललं की फुलं लवकर उमलतात का हो?” सुशीला म्हणाली.

“तुला नाही कळायचं. म्हण बघू. रोज बेड.”

“रोज बेड,” ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला गेली.

मी मात्र तो शब्द घोकून घोकून जिभेला लावून घेतला. ऑफिसात, भाजीवाल्याशी, न्हाव्याच्या दुकानात, जिथं संधी मिळेल तिथं ‘आमचा रोज बेड’ सुरू. (इंग्रज ‘बेड’ अगदी आखूड म्हणतो, असं शामण्णाचं म्हणणं. मला ते पटलं नाही. मी चांगला ऐसपैस म्हणायचो: बेऽड.)

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळी मुनियप्पा आला. हा आमच्या गल्लीतला माळी. सकाळी आमच्याकडे काम करायचा, दुपारी शामण्णाकडे. कोलारकडचा माणूस, कन्नड सोडून दुसरी भाषा नाही, आणि सांगितलेल्या कामात एका पानाचाही फरक करायचा नाही. पाहुणे यायचे म्हणून अंगण साफ करायचं होतं. काय ठेवायचं, काय उपटायचं, हे त्यानं मला विचारलं तेव्हा माझा एक पाय जमिनीवर होता आणि दुसरा सायकलच्या पायडलवर.

आता बेंगळुरात माणसाचा सगळा संसार दोन शब्दांवर चालतो. ‘बेकु’ म्हणजे हवं, आणि ‘बेड’ म्हणजे नको. हे बेंगळुरातल्या मांजरालाही ठाऊक असतं.

मुनियप्पानं कुंपणाजवळच्या गवताकडे बोट केलं. “हे, सार्?”

“बेड,” मी म्हणालो.

सीमे-बदनेच्या वेलाकडे बोट केलं. “हे?”

“बेकु.” (कितीही झालं तरी भाजी होती.)

मग त्यानं गुलाबांकडे बोट केलं. “आणि हे?”

मी सायकलवरच ताठ झालो. छाती पुढे काढली, आणि शेजारच्या भिंतीपलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “रोज बेऽड!”

मुनियप्पा चमकला. “रोज बेडवा, सार्?”

याला माझं इंग्रजी कळलं नाही, असं मला वाटलं. “हौदु,” मी म्हणालो. हो, हो. “रोज बेड.”

“एल्ला?” सगळेच?

“एल्ला!” आता अर्धा वाफा रोज बेड आणि अर्धा मेथीचा असतो का?

त्यानं एकदा गुलाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. “सरी सार्.”

मी शीळ घालत ऑफिसला गेलो. कन्नड पिढ्यान्‌पिढ्या आमच्या जिभेवर होती हो. पण त्या सकाळी माझ्या जिभेवर शामण्णा बसला होता.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. दुपारी फाटक उघडलं तर अंगण लख्ख होतं. गवत नव्हतं. पाचोळा नव्हता. सीमे-बदनेचा वेल धुऊन पुसून ठेवल्यासारखा चमकत होता. आणि रोज बेडमध्ये नुसते खड्डे होते.

“सुशीला!”

ती पदराला हात पुसत बाहेर आली, आणि खड्डे बघून तीही उभीच राहिली.

“गुलाब कुठं गेले?”

“मला काय माहीत? मुनियप्पा तिथं खणत होता. मी खिडकीतनं विचारलं, काय करतोयस रे? तो म्हणाला, सारांनी सांगितलंय, रोज बेड. मी म्हटलं कर बाबा, नीट कर, त्यांच्या जिवाचा तुकडा आहे तो.”

“आणि तू बघितलं नाहीस?”

“तुम्हीच नव्हे का घोकून घेतलंत माझ्याकडनं? रोज बेड म्हटलं की रोज बेड.”

ती हे म्हणाली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं तोंडावर पदर धरला. सकाळचं सगळं बोलणं एकेक शब्दानं माझ्याही डोक्यात उतरलं. रोज, बेड. गुलाब, नको. सगळेच? सगळेच. मी तिथंच, पायरीवर, बूट न काढता बसलो. मला रडू आलं असतं, पण सुशीलाच्या पदराआडून जे काही चाललं होतं ते रडणं नव्हतं, आणि एका घरात दोघांनी दोन वेगळी कामं करणं बरं दिसत नाही.

मग मला भिंतीपलीकडे काहीतरी पिवळं दिसलं.

मी भिंतीवर कोपरं टेकून पाहिलं. शामण्णाच्या पुढच्या बेडमध्ये माझे गुलाब ओळीनं उभे होते. मातीच्या गड्ड्यांसकट अलगद आणून लावलेले, पाणी पाजलेले. एकानंही मान टाकली नव्हती! माझ्या घरी असते तर नुसत्या विचारानं वाळले असते. एक कळी तर उमलायला लागली होती. घरात महिनाभर बंद तोंडानं बसली ती, आणि शेजारी जाऊन हसते!

मी तसाच तरातरा शेजारी गेलो. काय बोलायचं ते मनात पक्कं होतं: हे गुलाब माझे आहेत, माळ्याची चूक झाली आहे, ताबडतोब परत द्या. शामण्णा फाटकातच भेटला. त्यानं हॅट काढली. मी काही बोलायच्या आत माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले.

“राघण्णा,” तो म्हणाला, “काय माणूस आहात हो तुम्ही!”

“शामण्णा, स्वल्प गैरसमज...”

“गैरसमज माझाच झाला होता. मुनियप्पा हातगाडी घेऊन आला, म्हणाला, राघण्णांना गुलाब नकोत, सगळेच नकोत. टाकून द्यायला जीव होईना म्हणून तुमच्याकडे आणले. मी म्हटलं, अरे, उद्या झारीची बैठक, आणि हा माणूस आज गुलाब देतो? मग माझ्या लक्षात आलं. खरं सांगू? इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर जळता.”

आता सांगा, याच्यापुढे कुणी काय बोलायचं?

“छे छे,” मी म्हणालो.

“माफ करा मला.”

“छे छे,” मी पुन्हा म्हणालो.

“मी कमलम्मांना लगेच जाऊन सांगितलं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं.”

म्हणजे सगळे दोर कापले गेले होते. मी गुलाबांकडे एकदा पाहिलं आणि घरी आलो. सुशीलानं जेवायला वाढलं. सीमे-बदनेची भाजी होती.

रविवारी बैठक भरली. दर वेळी लोक आले की आधी बागेत चक्कर मारत. त्या दिवशी सगळे माझ्या रिकाम्या वाफ्याभोवती जमले आणि अदबीनं खड्डे बघू लागले. एकानं तर चपला काढल्या. कमलम्मा हलक्या आवाजात म्हणाल्या, “असं रिकामं तोट मी आयुष्यात पाहिलं नाही.” मीही पाहिलं नव्हतं.

मग सगळे मिळून शामण्णाकडे गेले. ती पिवळी कळी तोवर पुरती उमलली होती आणि बशीएवढी झाली होती. त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. पितळी झारी यायची तर माझ्या घरी यायची होती, ती यंदाही शामण्णाच्या देवघराशेजारीच राहिली. तिला जागा बदलायचेही कष्ट पडले नाहीत.

शामण्णा भाषणाला उभा राहिला. त्यानं माझं इतकं कौतुक केलं की मला मी गेल्यासारखं वाटायला लागलं. निःस्वार्थी, दिलदार, फुलाचा नव्हे तर फुलण्याचा लोभ असलेला, असं बरंच काही. कमलम्मांनी चष्मा पुसला. मुनियप्पा खुर्च्या लावायला आला होता, तोही मागं हात बांधून ऐकत होता. आणि शेवटी शामण्णा सगळ्यांसमोर माझ्याकडे वळला.

“राघण्णा, पण तुमचं अंगण असं रिकामं बघवत नाही हो. यातली निम्मी रोपं परत न्या. माझी शपथ. बोला, रोज बेका?”

गुलाब हवेत का! माझा जीव कसा वर आला म्हणून सांगू! ‘बेकु’ म्हणायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात सगळं मंडळ माझ्याकडे डोळ्यांत पाणी आणून बघतंय, हे मला दिसलं. इतकी वर्षं या लोकांनी माझी पाळी आली की कपबशा खाली ठेवल्या होत्या. आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे शामण्णाकडे बघतात तसं बघत होतं. आणि शामण्णाही बघत होता! एवढं एकदाच मिळालेलं मला सोडवेना.

“रोज,” मी म्हणालो, “बेड.”

टाळ्या पडल्या. “कालही हेच म्हणाले होते,” असं मुनियप्पानं शेजारच्या माणसाला कन्नडमध्ये समजावून सांगितलं.

त्या खड्ड्यांमध्ये मी पुन्हा गुलाब लावले नाहीत. जागा रिकामी बघून सीमे-बदनेचा वेल हळूहळू खाली उतरला आणि त्यानं तो सगळा वाफा बळकावला. घोड्याची लीद त्याला फार मानवली. मंडळात मला पुढे सुख सांगायला मिळालं, पण ते सगळं एकाच भाजीचं होतं. गल्लीत कुणी ती फुकटही घेईना, तेव्हा ती आमच्याच ताटात यायची, सकाळ-संध्याकाळ. आणि ती आली रे आली की माझी मुलं, घरातलं अर्धं मराठी आणि दारातलं अर्धं कन्नड एकत्र करून, एका सुरात ओरडायची, “अप्पा, रोज बेऽड!”

मी ठेवलेलं नाव शेवटी घरात रुळलं ते असं.